दुखण्याचे मोजमाप



वसंतातल्या संध्याकाळी गार वाऱ्यावर बसून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात आणि प्रसन्न मनाने घरी जावे, ही व्याख्यानमालांची आपल्याकडची जुनी रीत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ती घालून दिली आणि ती गावोगाव पोचली. अशा प्रसन्न वेळी आम्ही विषय आणला आहे तो दुखण्याचा. अध्यक्षांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो जरा भीतभीतच सांगितला. ते म्हणाले, "चालेल. निम्मे श्रोते स्वानुभवाने टाळ्या देतील." त्यांचा अंदाज फार चुकीचा नसावा. ज्यांची पाठ, मान, गुडघा किंवा डोके तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत आहे त्यांनी हात वर करावेत, असे आत्ता सांगितले, तर या मांडवात बरेच हात वर होतील. आणि ज्यांचा खांदाच दुखतो त्यांचे हात वर होणार नाहीत, ते वेगळेच!

तीन महिने ही मर्यादा आम्ही पदरची सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी वर्गवारी २०२२ पासून अमलात आली, तिच्यात दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतःचे असे स्थान मिळाले, आणि तिथे ही मर्यादा दिलेली आहे. युरोपातील १५ देश आणि इस्राएल येथे झालेली एक मोठी पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत दर शंभर प्रौढांमागे १९ जणांना मध्यम ते तीव्र स्वरूपाचे जुनाट दुखणे असल्याचे आढळले. म्हणजे पाचांत जवळजवळ एक. आपल्याकडे म्हण आहे की, दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते. आम्ही ज्या दुखण्याविषयी बोलणार आहोत ते पुष्कळदा मुंगीच्याच पावलाने येते आणि जायचे नाव घेत नाही.

मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयातील वेदना-चिकित्सालयात आम्ही बरीच वर्षे काम केले. तिथे येणाऱ्या माणसाचे दुखणे आधी नीट जोखायचे आणि मग उपचार ठरवायचे, हा आमचा व्यवसाय. हे जोखणे म्हणजे काय, ते कुठे चुकते आणि चुकले तर माणसाचे काय होते, एवढेच आज सांगायचे आहे. औषधांची नावे ऐकायला कोणी आले असेल, तर त्यांची निराशा होईल.

प्रारंभ एका बाईंपासून करतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींच्या हकीकती आम्ही एकीत मिसळल्या आहेत. पण त्यांतली गोष्ट खरी आहे.

आपल्या अलिबागहून मुरूडच्या वाटेवर, रेवदंड्याची खाडी ओलांडून पुढे गेले की तीसएक किलोमीटरवर काशीद लागते. पांढरी वाळू, सुरूची झाडे आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग, एवढे काशीद आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण त्या गर्दीला जेवू घालणारे हात सहसा कोणी पाहत नाही. या बाई पन्नाशीच्या. घरचीच खाणावळ, मागे दोन खोल्या पाहुण्यांसाठी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा त्यांच्या घराचे पत्रे उडाले, वाडीतल्या सुपाऱ्या मोडून पडल्या. पत्रे, वासे, ओंडके उचलता उचलता त्यांच्या पाठीत उसण भरली. उसण आठ-पंधरा दिवसांत ओसरते. ही ओसरली नाही. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा वादळाला चार वर्षे होत आली होती.

हातात कागदांची जाड पिशवी होती. आम्ही ती घेतली, क्ष-किरण चित्रे उजेडात धरली, एम.आर.आय.चा अहवाल वाचला, आणि नेमाप्रमाणे विचारले, "मावशी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही इतके. तुमचे किती?" बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता ते मी काय सांगू, डाक्टर? तुमीच बगा नि लिवा."

बाहेर चाळीस रुग्ण बसलेले. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहरा शांत होता. आम्ही कागदावर 'पाच' लिहिले.

श्रोतेहो, हा 'पाच' कोणाचा? तो बाईंचा नव्हे. तो आमचा. तापमापक काखेत धरला तर पारा डॉक्टरचे ऐकत नाही आणि रुग्णाचेही ऐकत नाही. तो आपला चढतो. दुखण्याला असा पारा नाही. रक्ताच्या कोणत्याही तपासणीत ते दिसत नाही. ज्याचे दुखते त्याचा शब्द, हेच त्याचे एकमेव माप. आणि तोच शब्द आम्ही बाईंच्या तोंडून न घेता स्वतःच्या पदरचा घातला होता. ही चूक आमची, आणि ती लहान नव्हे. कारण पुढे ज्याने ज्याने तो कागद पाहिला त्याने 'मध्यम दुखणे' असेच वाचले असते.

असे का होते? त्याचे मूळ जुने आहे. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, त्याचा मनुष्यदेहावरील ग्रंथ फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यात विस्तवाजवळ पाय नेलेल्या माणसाचे चित्र आहे. पायाला चटका बसला की एक दोरा ओढला जातो आणि मेंदूत घंटा वाजते, अशी ती कल्पना. देवळातली घंटा जेवढ्या जोराने ओढावी तेवढ्या जोराने वाजते, तसे जेवढी इजा तेवढे दुखणे. ही कल्पना इतकी सोपी आहे की आजही आपण सारे मनातून देकार्तचेच शिष्य आहोत. म्हणून अहवालात इजा दिसली नाही की आपण म्हणतो, "मग दुखते कशाला?"

या कल्पनेला पहिला मोठा धक्का रणांगणावर बसला. दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने इटलीतील आघाडीवर जबर जखमी झालेल्या सैनिकांना विचारले की वेदना थांबवायला औषध हवे का? त्याने १९४६ साली लिहून ठेवले की सुमारे तीन-चतुर्थांश जखमींनी 'नको' म्हटले. शुद्धीवर होते, जखमा भयंकर होत्या, तरी नको म्हणाले. ते शूर होते एवढ्याने याचा उलगडा होत नाही. जखम म्हणजे आता आघाडीवरून सुटका, घरी जाणे. तीच जखम कारखान्यात झाली असती, तर तिचा अर्थ नोकरी गेली असा झाला असता, आणि ती कितीतरी अधिक दुखली असती. दुखण्यात इजेबरोबर तिचा अर्थही मिसळलेला असतो.

पुढे १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी असे मांडले की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. शरीराकडून येणारी वर्दी तिथे अडते किंवा पुढे जाते, आणि ते फाटक उघडे ठेवायचे की लोटायचे हे ठरविण्यात वरून मेंदूचाही हात असतो. मुलाच्या गुडघ्याला लागले की आई तिथे हात चोळते आणि फुंकर घालते. मुलाचे रडे थांबते. ते उगीच नव्हे. चोळण्याची वर्दी दुसऱ्या तंतूंनी जाते आणि फाटक थोडे लोटून घेते. त्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण मुख्य गोष्ट टिकली की दुखणे नुसते येत नाही, ते घडते. आणि फार दिवस घडत राहिले की तंतूंची ती यंत्रणाच हळवी होते. चोर केव्हाच निघून गेला तरी राखणीचा कुत्रा पानाच्या सळसळीवरही भुंकत राहतो, तसे. कुत्रा खोटा नसतो, भुंकणेही खोटे नसते. फक्त चोर आता तिथे नसतो.

म्हणून आज दुखण्याचे ढोबळ तीन प्रकार मानतात. एक इजेचे दुखणे: झिजलेला सांधा, सुजलेला स्नायू. दुसरे तंतूंचे: मधुमेहात पायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावर त्या जागी राहिलेली भगभग. तिसरे या हळव्या झालेल्या यंत्रणेचे. एकाच माणसात तिन्ही असू शकतात, आणि तिन्हींचे उपचार निराळे. तेव्हा कोणते किती, हे जोखल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे, हे ज्याने जगाला शिकविले तो जॉन बोनिका हा सिसिलीजवळच्या एका लहानशा बेटावर १९१७ साली जन्मला. अमेरिकेत गेला, कुस्त्या खेळून वैद्यकाच्या शिक्षणाचा खर्च भागवला, आणि त्या कुस्त्यांनी दिलेले सांध्यांचे दुखणे जन्मभर सोसत राहिला. महायुद्धात लष्करी रुग्णालयात भूल देण्याचे काम करताना त्याला असे सैनिक भेटले की जखमा भरल्या पण दुखणे राहिले. एकट्याला उलगडा होईना, तेव्हा त्याने निरनिराळ्या शाखांच्या डॉक्टरांना एका टेबलाभोवती बसवले. १९५३ साली त्याचा वेदनेवरील मोठा ग्रंथ निघाला; १९७३ साली त्याच्याच पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्याच संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली आणि तिला काही टिपा जोडल्या. त्यांतल्या एका टिपेचा भावार्थ असा की, माणूस जेव्हा आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. एवढी साधी गोष्ट जगातल्या तज्ज्ञांना लिहून ठेवावी लागली, यावरूनच ती किती पाळली जात नाही हे कळते.

आता काशीदच्या बाईंकडे परत येऊ. आमच्या खोलीतून त्या बाहेर गेल्या आणि ओसरीतल्या बाकावर बसल्या. आमच्याकडे एक समाजसेविका होत्या. त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी आमच्यासारखा आकडा विचारला नाही. त्यांनी विचारले, "पहाटे किती वाजता निघालात?" बाई म्हणाल्या, तीनला उठले, भाकऱ्या टाकल्या, एस.टी. धरली. सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, मग रुग्णालयातली रांग. म्हणजे आम्ही त्यांना तपासले ते सात तासांच्या धक्क्यांनंतर आणि उपाशीपोटी. आणि चेहरा शांत होता तो दुखत नव्हते म्हणून नव्हे. तो शांत होता, कारण चार वर्षांत रडून काही होत नाही एवढे त्या शिकल्या होत्या. आपल्या समाजात, विशेषतः बाईमाणसाच्या बाबतीत, सोसणे हा गुण मानला जातो. जी सोसते तिला आपण थोर म्हणतो. पण सोसणारीचे दुखणे चेहऱ्यावर शोधणारा डॉक्टर मात्र फसतो.

मग समाजसेविकांनी विचारले, "रुपयात किती आणे दुखते?" आणि बाई तत्काळ म्हणाल्या, "बारा आनं. पावसाळ्यात चवदा."

दशमान नाणी १९५७ साली आली आणि आणे गेले. तरी आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून आहेत, आणि पाहून-पाहून पुढच्यांनीही ते उचलले आहेत. दहापैकी किती, हे शाळेतल्या गुणांसारखे वाटते. बरोबर उत्तर डॉक्टरला ठाऊक असेल असे वाटते. रुपयाचे तसे नाही. रुपया प्रत्येकाने मोडलेला असतो. माप कोणतेही चालते, फक्त ते ज्याचे दुखते त्याच्या हातात बसले पाहिजे.

आकड्याच्या पुढे शब्द येतात. मेल्झॅकने १९७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात एक प्रश्नावली तयार केली. तीत दुखण्याचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडलेले आहेत. ती फार उपयोगाची ठरली. पण ती मराठीत शब्दशः उतरवून घेण्याआधी आपण आपल्या घरातला साठा तर पाहू. ठणका निराळा, ठसठस निराळी. कळ येते आणि जाते. रग एकाच जागी बसल्याने लागते. चमक निघते, तिडीक उठते, उसण भरते, पाय लचकतो, मान आखडते, पाठ धरते, पोटरीत गोळे येतात, पोटात मुरडा येतो. मुंग्या, झिणझिण्या, आग, भगभग, हुळहुळणे, खुपणे, बोचणे, कणकण. हे शब्द आमच्या आज्यांनी वैद्यकाच्या पुस्तकातून घेतले नव्हते. तरी आम्हाला विचाराल तर त्यांत अर्धे निदान असते. "पायाची आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही," असे कोणी म्हटले की आम्ही तंतूंचा विचार करू लागतो. "सकाळी अंग आखडते, तासाभराने मोकळे होते," म्हटले की सांध्यांच्या सुजेचा. "कमरेतून चमक निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते," म्हटले की दबलेल्या शिरेचा. पण रुग्ण आमच्यासमोर आला की हे सारे शब्द गिळतो आणि म्हणतो, "पेन होतंय." एका परक्या शब्दात त्याने आपले वीस शब्द हरवलेले असतात. म्हणून आमची विनंती अशी की, डॉक्टरकडे जाल तेव्हा घरी बोलता तसेच बोला.

बाईंच्या पिशवीतल्या कागदांवर बोलायला हवे, कारण खरी इजा तिथे झाली होती. कोणीतरी, केव्हातरी, तो अहवाल पाहून त्यांना सांगितले होते, "मणक्यात गॅप आहे. जपा." हा 'गॅप' शब्द आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत पोचला आहे. त्यांनी तो असा समजून घेतला की पाठीत एक फट पडली आहे आणि वाकले की ती वाढेल. तेव्हापासून त्या वाकल्या नाहीत. जमिनीवर बसल्या नाहीत. चालणे कमी केले. स्नायू रोडावले, अंग आखडले, आणि न वाकताही दुखू लागले.

१९९४ साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ जणांच्या कण्याची एम.आर.आय. चित्रे काढली. त्यांच्यापैकी ५२ टक्के लोकांच्या निदान एका मणक्यालगतची चकती फुगलेली दिसली आणि २७ टक्क्यांची अधिक पुढे आलेली. आणि दुखत मात्र कोणालाच नव्हते! वयाबरोबर केस पिकतात, तशा या चकत्याही बदलतात. चित्र खोटे नसते. पण चित्रातले दिसणे आणि माणसाचे दुखणे यांची गाठ दर वेळी बसेलच असे नाही. म्हणून आम्ही आता आधी माणूस पाहतो, त्याच्या अंगाला हात लावतो, कापसाने आणि टाचणीने स्पर्श करून पाहतो, पाय उचलायला लावतो, चालायला लावतो, आणि पिशवी शेवटी उघडतो.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "म्हणजे तपासण्या नकोतच की काय?" तसे मुळीच नाही. याच किनाऱ्यावरचा एक गृहस्थ सांगतो. वाडीत सुपारीवर चढण्याचे काम. "पाठ जराशी दुखते," एवढेच म्हणाला. तसे पाहिले तर कष्टकऱ्याची पाठ दुखायचीच. पण विचारता विचारता निघाले की दुखणे रात्री वाढते, पडून राहिल्यानेही थांबत नाही, संध्याकाळी अंगात कणकण असते आणि लेंगा सैल होऊ लागला आहे. त्याला कण्याचा क्षय होता. १७७९ साली पॉट नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने वर्णिलेला हा रोग आपल्या देशात अजून घर करून आहे. वेळेवर सापडला तर औषधांनी बरा होतो. दुर्लक्ष झाले तर पाय लुळे पडू शकतात. पुरुषमाणूस 'जरासे' म्हणाला म्हणून आम्ही तेवढ्यावर थांबलो असतो, तर? आकडा त्याचाही लहानच होता.

तेव्हा पहिले काम हे की, जे चुकवून चालणार नाही ते चुकवायचे नाही. पाठीच्या दुखण्याबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, पायांतली शक्ती कमी होत असेल, तर दिवस न घालवता डॉक्टरकडे जावे. आणि लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे सारे नाही अशी खात्री झाली की दुसरे काम सुरू होते; ते अधिक लांबचे आणि अधिक दुर्लक्षित.

ते काम म्हणजे दुखण्याने माणसाचे काय काय नेले, हे विचारणे. परदेशी प्रश्नावल्या यासाठीही आहेत. ओस्वेस्ट्री या इंग्लंडातील गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक १९८० पासून जगभर वापरात आहे. तीत बसण्याविषयी विचारताना खुर्ची गृहीत धरली आहे. आमच्या बाईंना खुर्चीचे काय? त्यांना विळीपुढे बसून दहा नारळ खवायचे होते. मांडी घालता येते का, उकिडवे बसता येते का, विहिरीतून पाणी ओढता येते का, शेतात चिखलात वाकून भात लावता येतो का, हे आमचे प्रश्न. बाईंची उत्तरे अशी होती: नारळ खवणे सुनेकडे गेले. लावणी सुटली. रात्री तीनदा जाग येते. पाहुणे आले की त्या मागच्या दारी उभ्या राहतात. माणसे जेवताना वाढायला पुढे येत नाहीत. आणि मग, कोणी न विचारता, त्या म्हणाल्या, "तीन वर्षं झाली, गौर आनायला गेलो नाय. दुसऱ्या बायका आनतात. मी दारात उभी रहातो."

भाद्रपदात पाणवठ्यावरून तेरड्याची गौर आणायची, ती वाजतगाजत घरात घ्यायची. तिथपर्यंतची वाट अर्ध्या कोसाचीही नव्हे. चार वर्षांच्या कागदांत ती वाट कुठेही लिहिलेली नव्हती.

आता एक नाजूक गोष्ट. आम्ही प्रत्येकाला झोपेविषयी, उदासपणाविषयी, घरातल्या काळजीविषयी, कर्जाविषयी, दारू-तंबाखू-मिश्रीविषयी विचारतो. पुष्कळांना ते झोंबते. "म्हणजे माझे दुखणे मनाचे? मी नाटक करतो?" असे ते विचारतात. नाही, श्रोतेहो. आधी सांगितले तसे फाटकाची एक दोरी मेंदूच्या हातात आहे. ज्याला झोप नाही, ज्याला उद्याची भीती आहे, त्याचे फाटक उघडेच राहते. आपल्या भाषेने हे केव्हाच जाणले आहे. पाय दुखतो आणि मन दुखावते, दोन्हींना क्रियापद एकाच घरचे. आजारालाही आपण दुखणेच म्हणतो आणि आजाऱ्याला दुखणाईत. शरीर आणि मन यांच्यामध्ये भिंत आपल्या आज्यांनी घातली नाही. ती शिकलेल्यांनी घातली.

तसेच गोळ्यांचे. आम्ही सांगतो, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा. दुकानदाराने दिलेल्या, शेजारणीने दिलेल्या, जत्रेत घेतलेल्या पुड्यासुद्धा. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेतल्या की पोटात व्रण होतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. काही पुड्यांत तर नाव न सांगता स्टिरॉइड मिसळलेले आढळते. चार दिवस जादूसारखा गुण येतो आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. बाईंच्या पिशवीत एकाच जातीची औषधे तीन निरनिराळ्या नावांनी निघाली, आणि त्या तिन्ही घेत होत्या.

शेवटी आम्ही त्यांचा कागद नव्याने लिहिला. 'पाच' खोडून 'बारा आणे' लिहिले. खाली लिहिले: शिरेवर दाब नाही, कणा मजबूत, चाल घाबरलेली, झोप तुटकी, एक औषध तिपटीने चालू. आणि शेवटच्या ओळीत, जिथे आधी 'वेदना कमी करणे' असे छापील वाक्य होते तिथे, त्यांना काय हवे ते लिहिले: 'गौर आणायची आहे.' बाईंना कागद वाचून दाखवला. तुमच्या पाठीत फट नाही, हे तीन वेळा सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी ते ऐकले. खवणी जमिनीवरून उचलून ओट्यावर बसवली, व्यायामाच्या बाईंनी चार व्यायाम शिकवले, वाळूवर नको, डांबरी रस्त्यावर रोज थोडी थोडी अधिक चाल सांगितली. दोन गोळ्या बंद केल्या. जादू कोणतीही केली नाही.

आठ महिन्यांनी त्या परत आल्या. समाजसेविकांनी आण्यांचा प्रश्न विचारला. "धा आनं," बाई म्हणाल्या. बारातून दोन आणे गेले! कागदावर पाहिले तर हे फारसे यश नव्हे. आमच्या वरिष्ठांनी तो तक्ता पाहून तोंड वाकडे केले असते. आम्हीही जरा खट्टू झालो. बाईंच्या ते ध्यानात आले असावे. त्या म्हणाल्या, "दुखतंय तर. पन औंदा गौर मीच आनली."

श्रोतेहो, मोजमापाविषयी आम्ही जे काही शिकलो ते एवढेच. सगळे दुखणे जाईल असे वचन देणारा माणूस भेटला, तर त्याच्यापासून चार पावले दूर राहावे. पण माणसाचे दुखण्याने नेलेले पुष्कळ काही परत आणता येते, आणि ते काय आहे हे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. आकडा लिहावा, जरूर लिहावा. पण तो त्याचा असावा, आणि त्याच्यापाशी थांबू नये.

जाता जाता चार घरगुती सूचना. वेदना-चिकित्सालयात जाण्याआधी आठवडाभर एका वहीत टिपून ठेवा की केव्हा दुखले, काय करताना वाढले, कशाने उतरले, झोप किती लागली. सगळ्या गोळ्या बरोबर न्या. सोबत जाणाऱ्याने दुखणाइताच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. नवरे मंडळींना आणि मुलांना ही सूचना विशेष आहे. आणि दुखणे कमी झाले तर पहिल्यांदा काय कराल, याचे उत्तर घरूनच मनाशी ठरवून जा. डॉक्टरने विचारले नाही, तरी सांगा.

आणि तुमच्यापैकी ज्यांचे काही दुखत नाही अशा भाग्यवंतांसाठी एकच. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण खरी आहे. पण ती शेजाऱ्याने हात झटकण्यासाठी केलेली नाही. आज घरी गेल्यावर कोणी म्हणेल, "आज फार दुखते आहे." त्यावर "रिपोर्ट तर नॉर्मल आहे" असे म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, "कसे दुखते?" एवढे झाले तरी आमचे निम्मे काम तुम्ही केलेत.

 मांडवातल्या या खुर्च्यांवर आपणांस फार वेळ बसवून घेतले आहे. आता उठा, जरा पाय मोकळे करा. नाहीतर उद्या आमच्याच दारी रांग लागायची.